गाडीची खोड

घोडेगावच्या बाजारात, बैलांच्या दोन रांगांच्या बरोबर मधोमध, बापूसाहेबांची अमेरिकन गाडी दोनदा खोकली आणि उभी राहिली.

स्टिअरिंगवर खाजाभाई मिस्त्री होता. दहा वर्षं गोठ्यात पडलेली ही गाडी चार महिने खपून त्यानंच जिवंत केली होती, कारण तिच्या पोटातलं तालुक्यात दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. मागच्या सीटवर मालक बापूसाहेब आणि गिऱ्हाईक, शिर्डीचे लॉजवाले गहिनीनाथशेठ. बांगलादेशची लढाई संपल्यापासून मुंबईचे बडे भक्त वाढले होते आणि त्यांना स्टेशनावरून आणायला शेठना थाटाची गाडी हवी होती. ही थाटाची होतीच. दोन दारांच्या मधे खांब नाही. चारी काचा खाली केल्या की गाडीचा मांडव होतो, असं बापूसाहेब वाटेत तीनदा म्हणाले होते. आता मांडव झाला होता आणि अख्खा बाजार आत बघत होता.

"काय झालं रे?"

"पेट्रोल संपलं."

"संपलं? सकाळी गॅलन टाकलाय! गॅलनला पंधरा मैल देते ही. वस्तीवरून बाजार सहा मैल."

"नदीकडून वळसा घातला न्हवं, शेठना गाडी दाखवायला," खाजाभाई म्हणाला. "साडेसात झालं."

साडेसात हा आकडा त्याला पाठ होता. बारा वर्षांपूर्वी तो बापूसाहेबांचा ड्रायव्हर असताना गाडी गॅलनला साडेसातच मैल जायची, आणि उरलेलं पेट्रोल खाजा विकून खातो असं बापूसाहेबांनी ठरवलं होतं. याच बाजारात त्याला उभं करून त्यांनी चौघांना त्याचा शर्ट हुंगायला लावला. ड्रायव्हरच्या शर्टाला अत्तराचा वास येत नसतो. तेव्हापासून तो 'पेट्रोलचोर'. त्याच्या थोरल्या लेकीची, मुबारकबीची, ठरलेली सोयरीक त्या नावापायीच मोडली.

गर्दीतून कानिफनाथ हेडी पुढं आला. चाळीस वर्षं रुमालाखाली बोटं धरून बैलांचे सौदे करताना त्याची बोटं गुळगुळीत झाली होती.

"इकायला काढली का बापूसाहेब? मग खोड सांगा."

लोक हसले. बाजाराचा रिवाजच तो. सौद्याआधी विकणाऱ्यानं चौघांसमोर जनावराची खोड सांगायची. लाथ मारतं, जू टाकून बसतं, जे असेल ते. लपवली तर सौदा मोडतो, अब्रू जाते ती वेगळीच.

शेठ मात्र हसले नाहीत. "बरोबर बोलतोय तो. सांगा."

बापूसाहेबांचं बोट सवयीनं खाजाभाईकडं वळलं. "ह्यानं काढलं असणार."

"टाकीला कुलूप हाय. किल्ली तुमच्या करदोट्याला," खाजाभाई म्हणाला. "सकाळी तुमीच वतलं, तुमीच कुलूप लावलं. मला धा पावलं लांब हुबा केला हुता."

"म्हणजे टाकी गळते, नाहीतर इंजिन बसलंय," शेठ म्हणाले. "मला नको हे दुखणं." त्यांनी दाराला हात घातला.

बापूसाहेबांनी त्यांची बाही धरली. "अहो, ठणठणीत आहे इंजिन! थेंब गळत नाही. ही... ही पितेच इतकं."

"आत्ता प्यायला लागली?"

"छे, छे. आजार नाही हो. पहिल्यापासून."

"कवापासून?" खाजाभाईनं मागं वळून विचारलं. "त्या टोकाला ऐकू गेलं न्हाई."

बापूसाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग शेठच्या दारावरच्या हाताकडं.

"पहिल्यापासून!" ते ओरडले. "नवी आणली तेव्हापासून साडेसातच देते!"

एका बैलानं शेपूट हलवलं. शर्ट हुंगणाऱ्या चौघांत कानिफनाथही होता. त्यानं पटका काढला, डोकं खाजवलं आणि पुन्हा बांधला.

"म्हंजी पीत हुता बैल," तो म्हणाला, "आन मार खाल्ला गड्यानं."

शेठनी दारावरचा हात काढला. "पंपापर्यंत न्या. मग बोलू."

पंप बाजाराच्या पार टोकाला होता. खाजाभाईनं गियर मोकळा केला.

"ढकलावी लागंल, बापूसाहेब. शेठ गिऱ्हाईक, त्यांना कसं उतरवायचं? आन मी उतरलो तर हिला धरनार कोन?"

बापूसाहेब उतरले. टोपी सावरून त्यांनी गाडीच्या मागच्या, माशाच्या परासारख्या वर आलेल्या पत्र्याच्या पंखांना हात लावले. दोघंतिघं मदतीला सरसावले. गाडी बैलांच्या रांगेपुढून मुंगीच्या पावलानं निघाली, आणि रांगेतला एकेक माणूस मान वळवून बघू लागला.

बापूसाहेबांच्या कपाळावरची शीर आरशात अर्धीच दिसत होती. खाजाभाईनं आरसा जरा नीट केला आणि ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.