आजीचा प्रश्न

‘जिंका सहकुटुंब’ वीस वर्षांनी टीव्हीवर पुन्हा सुरू झालं. या वेळी प्रत्येक घराला आपला सूत्रसंचालक निवडता येत होता. घरातल्या जुन्या चित्रफिती दिल्या, की त्याच चेहऱ्याचं, त्याच आवाजाचं माणूस पडद्यावर येऊन प्रश्न विचारी. ओवीने आजीला निवडलं.

दोन वर्षांपूर्वी गेलेली प्रमिला हिरव्या साडीत हसत उभी राहिली. भार्गवरावांनी चष्मा पुसला.

“महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?” तिने विचारलं.

“आजोबा, कळसूबाई! तुम्ही दोघं चढला होतात ना?” ओवी कुजबुजली.

चढले होते. उतरताना भार्गवरावांचा पाय मुरगळला होता, आणि प्रमिला तो किस्सा जन्मभर चारचौघांत रंगवून सांगत आली होती.

“साल्हेर,” ते मोठ्याने म्हणाले आणि पडद्याकडे टक लावून पाहत राहिले. आता ती कडाडेल, ‘अहो, लंगडत कुठून उतरला होतात, विसरलात?’

“उत्तर चुकलं,” प्रमिला गोड हसली. “पण हरकत नाही. छान प्रयत्न केलात!”

“आजोबा, तुम्ही मुद्दाम चुकलात!” ओवी रुसली.

“हो गं,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या आजीनेही ते लगेच ओळखलं असतं.”