चिंचेनं घासलेला तांब्या

माझ्याकडं नाव घातलेली जुनी चारशे भांडी आहेत. कुणी कुणाला कधी दिलं, ते पितळेवर वाचायचं, हाच माझा नाद.

रविवारी शहागंजात भंगारवाल्या नूरमोहम्मदनं माझ्यासाठी एक काळाठिक्कर तांब्या काढून ठेवला होता. "निजाम के जमाने का है, साब."

दुपारी अंगणात चिंच लावून घासायला बसलो. आधी 'गं. भा.' निघालं. म्हणजे कुण्या विधवेनं दिलेला. मग 'विमल'.

"अगं, तुझ्याच नावाची बाई निघाली!" मी बायकोला हाक मारली.

पुढं घासलं. 'दिगंबर औताडे.'

ते माझं नाव. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. विमलच्या प्रत्येक भांड्यावर 'सौ.' आहे.

ती बाहेर येईपर्यंत मी तांब्या पालथा घातला. "राहू दे. काळाच बरा दिसतो."

"अर्धवट कशाला ठेवता?" म्हणत तिनं तो ओढून घेतला आणि माझ्याकडं पाठ करून नेटानं बूड घासू लागली.

थोड्या वेळानं घासण्याचा आवाज थांबला.

"बुडाशी तारीख आहे," ती म्हणाली. पदरानं पुसून पुन्हा वाचलं. मागं वळली नाही.

"अहो, आज किती तारीख?"