बांधून झालेला दवाखाना

"खाणनिधीतून तुमच्या गावाला दवाखाना बांधून दिलाय," ग्रामसभेत जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी सांगितलं, तशी वच्छलाबाई निखाडे ताडकन उठली. कोळशाच्या धुळीनं छाती भरलेला तिचा नवरा गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरला नेताना ऑटोतच गेला होता. गावात साधी गोळी द्यायलाही कुणी नव्हतं.

"कोठी हाये दवाखाना? चाला, दाखवा मले!"

तिनं साहेबांना जीपमध्ये बसूच दिलं नाही. सगळ्या गावासोबत खाणीच्या रस्त्यानं चालवत नेलं. दवाखान्याच्या जागेवर धुळीनं काळी पडलेली बाभळीची झुडपं तेवढी उभी होती.

साहेब घाम पुसू लागले. "बाई, आम्ही ठेकेदाराला पूर्ण पैसे दिलेत."

"आमची जमीन खोदून आलेला पैसा हाये तो! कोनाले देल्ला? साऱ्या गावासमोर नाव सांगा."

साहेबांनी सोबतच्या लिपिकाकडे पाहिलं. लिपिक वच्छलाबाईची नजर चुकवत पुटपुटला, "प्रफुल्ल निखाडे."

तिचा मुलगा. बापाचं डोकं मांडीवर घेऊन त्या ऑटोत तोच बसला होता. आता गर्दीतून काढता पाय घेत होता. वच्छलाबाईनं पुढे होऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला सगळ्यांसमोर ओढत आणलं.

"मोठ्यानं सांगा, साहेब, मांगच्यायले आयकू नाही गेलं. आन झुडपं पाहून याले पैसे देनाऱ्यायचीबी नावं सांगा. तोवर इथून कोनी हालनार नाही."