बदली गाडी

"माझी चूक नाही हे तुम्हीच मान्य केलंय ना? मग माझीच गाडी भंगारात का जाते?" हिलरीने फोनवर विचारलं.

"भंगारात असं नाही, मॅडम." विमा कंपनीच्या डॅरेनचा आवाज साखरेत घोळवल्यासारखा होता. "दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतोय. अशा वेळी आम्ही किंमत देतो आणि गाडी घेऊन जातो. तोवर बदली गाडी आहेच की तुमच्या दारात. नवीकोरी! बरेच लोक खूश होतात."

"आमची गाडी उभी होती. उभी! ब्रेडच्या व्हॅनवाल्याने मागे न बघता व्हॅन मागे घेतली, दार चेपलं, आणि मी खूश व्हायचं?"

"गाडी जुनी आहे, मॅडम."

"माझी आई त्याहून जुनी आहे. तिलाही घेऊन जाता का?"

डॅरेनने पुन्हा फोन करतो म्हणून सांगितलं.

निळी गाडी हिलरीच्या वडिलांची, नॉर्मनची होती. त्यांच्या संसारात शुक्रवारची संध्याकाळ ठरलेली असे. इंग्लंडमधल्या मोरकमच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची. नॉर्मन रस्त्यापलीकडे जाऊन मासे आणि चिप्स आणणार, हिलरीची आई आयव्ही थर्मास मांडीवर घेऊन बसणार. मग काचा बंद करून, ओहोटी बघत दोघं गाडीतच जेवायची. खाली कुणीच उतरायचं नाही.

नॉर्मन गेल्यानंतर आयव्हीला विसर पडू लागला. किनाऱ्यावर एकदा, गाडी लावून हिलरी मागच्या सीटवर जाऊन बसली असताना, तिने शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून विचारलं, "नॉर्मन कुठे गेला गं?"

हिलरीच्या तोंडून खरं निघेना. "रांगेत आहेत, आई. येतीलच."

आयव्हीने आरशातून लेकीकडे बघितलं आणि मान डोलावली.

तेव्हापासून दर शुक्रवारी तसंच. हिलरी गाडी लावायची आणि बाबांची जागा रिकामी ठेवून मागे जाऊन बसायची. त्यांची सीट तिने कधी पुढे ओढली नव्हती. पाय पोचत नाहीत म्हणून पाठीशी उशी घेऊन ती चालवायची. आई विचारायची, हिलरी उत्तर द्यायची. आईचा तेवढाच आधार होता, आणि तो ही माणसं किंमत लावून उचलून नेणार होती.

बदली गाडी उंच, पांढरीशुभ्र होती. पट्टा लावा म्हणून ती स्वतःच बोलायची, आणि थंडीत तिच्या सीटा आपोआप तापायच्या.

"अगंबाई, बूड गरम होतंय माझं!" पहिल्याच शुक्रवारी आयव्ही लहान मुलीसारखी हसली. "राणीला तरी मिळत असेल का असं?"

तिने चिप्स सगळ्या संपवल्या. नॉर्मनचं नाव एकदाही काढलं नाही. मागे बसलेल्या हिलरीने आपल्या चिप्स तशाच कागदात गुंडाळून ठेवल्या.

"तिला आपण कुठे बसलोय तेही कळत नव्हतं," दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजवाल्या कीथला सांगितलं. "बाबांचं नावसुद्धा नाही. बघा काय केलंय या लोकांनी!"

कीथने भंगारातून एक दार शोधून ठेवलं होतं. "चंदेरी आहे. रंग जुळणार नाही, आधीच सांगतो."

"चालेल."

"आतून धुऊन देतो. आमच्याकडे फुकट असतं ते."

"आत हात लावायचा नाही. सीटला तर मुळीच नाही."

"बरं बाई. दिसतंय मला, विमावाल्यांचं काही खरं नाही आता."

खरंच नव्हतं. हिलरीने इतके फोन केले की शेवटी डॅरेन कंटाळला. गाडी ठेवा, पण मग बदली गाडी उद्या परत द्यावी लागेल, म्हणाला.

"उद्या कशाला? आजच न्या," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर जिंकल्यासारखी ती कितीतरी वेळ घरभर फिरत राहिली.

शुक्रवारी एका बाजूने निळी, एका बाजूने चंदेरी अशी गाडी आपल्या जागी येऊन उभी राहिली. हिलरी उशी घेऊन मागे बसली. पाणी पार लांब गेलं होतं. आयव्हीने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, आधी मागे लेकीला दिला. मग रिकाम्या सीटकडे बघितलं.

"नॉर्मन कुठे गेला गं?"

"रांगेत आहेत, आई." हिलरीने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. "आज गर्दी आहे जरा."

आयव्हीने मान डोलावली नाही. आरशात ती लेकीकडे बघत राहिली.

"ती पांढरी गाडी परत नाही का मिळायची?"

"अगं, ही बाबांची आहे. तुझ्यासाठी भांडले मी सगळ्यांशी."

"माहितीय गं. पण त्या गाडीत बरं होतं, बाळा. तिथे मला विचारावं लागत नव्हतं." आयव्हीने हात मागे नेऊन तिचा गुडघा थोपटला. "पहिल्यांदा मी खरंच विसरले होते. पण 'रांगेत आहेत' म्हणताना तुझा चेहरा असा उजळला, की मग दर शुक्रवारी विचारतच राहिले."