अंगुरीबाईंचा बुलबुलतरंग

अकोल्याहून आणलेले कापडाचे गठ्ठे दुकानात उतरवून झाले, तसे सुगनचंद एक लांबट खोका काखेत धरून मागच्या घरात आले आणि तो त्यांनी सरळ सुनेच्या हातात ठेवला.

"घे सूनबाई. अख्खा बाजार पालथा घातला, तवा भेटला."

ललिताबाईनं पदर सावरला आणि खोका उघडला. कागदाच्या कपट्यांत बुलबुलतरंग होता, कोरा करकरीत. हातभर लांबीची तपकिरी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर ओळीनं बसवलेली पांढरी बटणं. रोगणाचा वास माजघरभर पसरला. माहेरी तिच्या भावाजवळ असाच एक होता आणि त्याच्यापेक्षा तीच तो जास्त वाजवायची. तिची बोटं आपोआप बटणांवर गेली.

अंगुरीबाई चुलीपाशी होत्या, त्या उठून आल्या. त्यांच्या मुलाच्या, कैलासचंदच्या लग्नात, कारंज्याच्या मांडवात, नवरीच्या, म्हणजे ललिताबाईच्या, भावानं असाच बुलबुलतरंग वाजवला होता. वरमाय म्हणून त्यांना गादीवर बसवलं होतं, पुढ्यात फराळाचं ताट होतं, पण त्यांची नजर त्या पोराच्या बोटांवरून हलली नव्हती. तेव्हापासून नवरा अकोल्याला निघाला, की त्या आठवण करून द्यायच्या. सुगनचंद हो म्हणायचे आणि रिकाम्या हातानं यायचे. कोणासाठी हवा, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"तिच्यासाठी नाई," अंगुरीबाई म्हणाल्या. "माह्यासाठी मांगतला होता मी."

सुगनचंद हसले. या वयात कायले, म्हणाले. बोटं तरी वळतात का आता? सून वाजवील, तू बसून ऐक. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गिऱ्हाईक आलं म्हणून ते बोलता बोलताच दुकानात निघून गेले.

अंगुरीबाईंनी दोन्ही हात पुढे केले. ललिताबाईनं पेटी लगेच दिली नाही. क्षणभर ती छातीशीच राहिली, मग सासूच्या हातात आली. ते अंगुरीबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. तरी त्यांनी हात मागे घेतले नव्हते.

त्या सतरंजीवर बसल्या, पेटी पुढ्यात घेतली, उजव्या हातात नखी धरून तारा छेडल्या आणि डाव्या हातानं एक बटण दाबलं. पत्रा फरशीवरून ओढावा तसा आवाज झाला. दुसरं दाबलं, तोच प्रकार. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की एकदा हा घरात आला, की झालं. गाणं काय, पेटीतच भरलेलं असेल. त्यांचे कान तापले. खोका बाजूलाच उघडा पडला होता. पेटी त्यात ठेवून झाकण लावलं असतं, तर कोणी काही म्हणालं नसतं.

"सूनबाई, बैस इथं," त्या म्हणाल्या. "मले शिकव."

ललिताबाई अवघडून समोर बसली. खुंट्या पिळून तिनं तारा सुरात आणल्या, चार सूर वाजवून दाखवले. ते गोड निघाले. मग अंगुरीबाईंनी तेच वाजवले.

"छान झालं, सासूजी."

अंगुरीबाईंनी नखी खाली ठेवली. "खोटं नको बोलू. मलेही कान हायेत. चुकलं का नाई?"

भाजीत मीठ विसरलं, तरी या घरात सगळे मुकाट्यानं जेवून उठायचे. अंगुरीबाईंना त्यांची चूक दाखवण्याची रीतच नव्हती.

"चुकलं," ललिताबाई अखेर म्हणाली, जेमतेम ऐकू येईल इतकं.

"कुठं?"

"तिसऱ्या सुरावर. तुमी बोट लवकर उचलता."

"मंग असं सांग. दरखेपी सांग."

तिनं सांगितलं. पुन्हा चुकलं, पुन्हा सांगितलं. हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. एकदा तर तिनं सासूचं बोट धरून बटणावर दाबून ठेवलं आणि सूर पुरा होईपर्यंत सोडलंच नाही. मध्येच दाखवता दाखवता ती एक अख्खी चाल वाजवून गेली. अंगुरीबाईंनी ती डोळे मिटून पुरी ऐकली आणि पेटी परत आपल्याकडे ओढून घेतली. त्यांच्या बोटाचं टोक लाल झालं होतं. तेच बोट त्यांनी पुन्हा बटणावर ठेवलं.

दुकानातून चहाची हाक आली. ललिताबाई अर्धवट उठली.

"बैस," अंगुरीबाई म्हणाल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पडद्यापलीकडे केनवडचे पंजाबराव लुगडी बघत बसले होते. त्यांचा आवाज आत स्पष्ट आला. सूनबाई बाजा शिकून राह्यली वाटते, मघापासून एकच सूर घोटून राह्यली, असं ते म्हणत होते.

आत दोघी थांबल्या. अंगुरीबाईंचा हात तारांवरच राहिला. बाहेर सुगनचंदांनी एक लुगडं उलगडलं, त्याची सळसळ ऐकू आली.

"कैलासची माय शिकून राह्यली," ते म्हणाले. "सून शिकवून राह्यली. चहाले वेळ हाय, पंजाबराव. बसा."

ललिताबाईनं हसू पदराआड दाबलं. मग ती मांडी घालून नीट बसली.

"पुन्हा पहिल्यापासून, सासूजी," ती म्हणाली. "आन् घाई करू नका."