जगन्नाथरावांचा शर्ट

“काका, आता शर्ट तुमचा तुम्ही घाला,” फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, आणि सवयीनं कुमुदचेच हात नवऱ्याच्या बटणांकडे गेले.

“काकू, तुम्ही नाही. त्यांना लावू द्या.”

कुमुदला रागच आला. अर्धांगवायूनं जगन्नाथरावांची उजवी बाजू लुळी पडल्यापासून आठ महिने तिनंच त्यांना आंघोळ घातली, घास भरवले, कपडे चढवले. त्यांना बरं करील असा माणूस शोधत अख्खं पुणं पालथं घातलं. हा पाचवा दवाखाना. आधीच्या चौघांनी निदान यंत्रं तरी लावली होती. ही पोरगी नुसती बघत बसली होती!

जगन्नाथरावांनी थरथरत्या बोटांनी बटण धरलं, काजापर्यंत नेलं. ते निसटलं. त्यांनी पुन्हा धरलं. कपाळावर घाम आला. कुमुदनं आपले हात मांडीखाली दाबून धरले.

“आठ महिन्यांत एकदाही त्यांना करू दिलं नाहीत?” मुलीनं हळूच विचारलं.

“मी असताना त्यांना कशाला त्रास?” कुमुद म्हणाली खरी, पण तिचं बोलणं तिलाच कसंसं वाटलं.

अर्ध्या तासानं शेवटचं बटण लागलं. सगळी बटणं एकेक काज चुकून लागली होती. शर्टाची एक बाजू वर, एक खाली. कुमुदचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला.

घरी जाताना रिक्षावाल्यानं आरशात बघून सांगितलं, “मावशी, काकांची बटणं वरखाली झालीत.”

“दिसतंय मला,” कुमुद म्हणाली. “त्यांनी स्वतः लावलीत.”