झाकणाचा आवाज

जेवणाच्या सुट्टीत शार्दूल पुन्हा डबा घेऊन सामानाच्या खोलीत गेला.

“साहेबांना आमची पंगत चालत नाही!” कोणीतरी टोमणा मारला. विभागप्रमुख मृदुला त्याला समज द्यायला मागोमाग गेली.

त्याने कपाळावरची अनुभवपट्टी, एकाला जाणवतं ते दुसऱ्याला जाणवून देणारी, सोडून तिच्या हाती दिली. “मॅडम, एकदा माझ्या कानांनी ऐका.”

तिने पट्टी बांधली. पंख्याची घरघर थेट मेंदूत शिरली. बाहेर एक झाकण टेबलावर आपटलं, तशी ती कळवळली.

तिचे बाबा तीस वर्षं कचेरीच्या सायकलस्टँडवर एकटेच जेवले. त्यांना ती माणूसघाणे म्हणायची. आता ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती फडक्यात गुंडाळलेला डबा घेऊन दारात उभी राहिली. “बसू का? झाकण फडक्यावरच ठेवीन.”

“बसा,” तो सरकत हसला. “पण पापड नको हं, मॅडम.”

मृदुलाने पापड हळूच पिशवीत परत ठेवला.